अक्कांनी पैसे ‘वापरले’, असेच लिहू का?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एका गावी राहते. आमच्या महिला बचत गटात आम्ही बारा जणी आहोत, प्रत्येकीची बचत महिना दोनशे रुपये, आणि मी गटाची सचिव आहे. कोषाध्यक्षा माझ्या थोरल्या चुलत जाऊबाई. त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत गोळा झालेली बचत आणि कर्जाचे हप्ते मिळून ४७,६०० रुपये त्यांनी बँकेत भरलेच नाहीत, हे मागच्या आठवड्यात खातेउतारा आणल्यावर कळले. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, बागेवर औषधे मारायला पैसे लागले, मार्चअखेर द्राक्षांचा माल गेला की भरते, असे त्या रडत सांगतात. ‘म्या पैसं वापरलं, खाल्लं न्हाईत,’ हे त्यांचे वाक्य आहे. चौघी म्हणतात, इतिवृत्तात ‘चोरी’ लिही. गावातल्या बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई म्हणतात, ‘अपहार’ लिहा. अध्यक्षा म्हणतात, मागच्या तारखेचा ठराव घालून अक्कांना कर्ज दिल्याचे दाखवू, म्हणजे कोणताच शब्द नको. रोखपुस्तकात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरणा केल्याच्या नोंदी आहेत, पण त्यांच्या स्लिपा सापडत नाहीत. येत्या सभेत मी काय लिहू? मला गटातही बसायचे आहे आणि घरातही.

उत्तर :

ताई, पैसे परत येणे महत्त्वाचे, शब्दाचे काय एवढे, असे तुम्हाला आतापर्यंत कोणीतरी म्हणाले असेल. मी तसे म्हणणार नाही. सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझे आयुष्य गेले, आणि अहवालातल्या एका शब्दामुळे माणसे गावातून उठलेली, तशीच एका शब्दाच्या आडोशाने वर्षानुवर्षे सुखाने बसलेलीही मी पाहिली आहेत. तुमच्या हातात लेखणी आहे आणि ती टेकवण्यापूर्वी तुम्ही विचारलेत, हे फार बरे केलेत. माझे उत्तर आधी सांगतो. ‘चोरी’ लिहू नका. नुसते ‘वापरले’ असेही लिहू नका. काय घडले ते रक्कम, तारीख आणि नावासह पूर्ण वाक्यात लिहा आणि त्यानंतर ‘तात्पुरता अपहार’ हा शब्द लिहा. मागच्या तारखेच्या ठरावाला मात्र हातही लावू नका.

अक्कांच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य खोटे नाही. आपल्या बोलीत परक्या पैशाला हात लावण्याचे बहुतेक शब्द एक तर ताटावरचे आहेत किंवा हातचलाखीचे. पैसे खाल्ले, गिळले, घशात घातले आणि वर ढेकरही दिला नाही, हे ताटावरचे. ढापले, लाटले, हडपले, लंपास केले, डल्ला मारला, हे हातचलाखीचे. खाल्लेली वस्तू परत येत नाही, वापरलेली येते. म्हणून ‘खाल्लं न्हाईत’ म्हणताना अक्का आपण देणे लागतो हे कबूल करत आहेत. ही कबुली मोलाची आहे आणि ती त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात आली पाहिजे. पण ‘वापरले’ या क्रियापदात एक गोष्ट सोयीस्करपणे गळून पडते. पैसे कोणाचे होते आणि कोणत्या कामासाठी हाती दिले होते, हे त्यात येत नाही. घरातली मिरचीपूड वापरली तरी ‘वापरली’ आणि बारा जणींची पाच महिन्यांची बचत वापरली तरी ‘वापरली’च.

दुसऱ्याचा पैसा आपल्या कामाला घेण्यासाठी आपल्या भागात सरळ, सभ्य शब्द आहेत. हातउसने घेतो तेव्हा देणाऱ्याने आपल्या हाताने दिलेले असते. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो तेव्हा ती किती दिली हे मुकादमालाही ठाऊक असते आणि टोळीलाही. तसलमात म्हणजे ठरलेल्या कामासाठी आगाऊ दिलेली आणि नंतर हिशेब द्यायची रक्कम. अनामत म्हणजे दुसऱ्याची म्हणून जपून ठेवायची आणि मागताक्षणी परत करायची रक्कम. यांतल्या प्रत्येक शब्दाच्या पलीकडच्या टोकाला एक देणारा उभा आहे आणि आपण काय दिले हे त्याला ठाऊक आहे. अक्कांच्या हातचे पैसे गटाची अनामत होती. त्यांनी ते हातउसन्यासारखे वापरले, पण उसने देणारे कोणीच नव्हते. शेजारणीच्या आजारपणासाठी गटाने दहा हजारांचे कर्ज सभा घेऊन, सह्या करून दिलेच असेल ना? अक्कांनीही तसे मागितले असते तर गटाने नाही म्हटले असते, असे मला वाटत नाही.

आता ‘चोरी’. त्या चौघींचा राग मला समजतो. मजुरीच्या पैशांतून महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढणाऱ्या बाईला हा शब्द सहज सुचणार. पण कायद्यात चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिकपणे हलवणे. इथे पैसे अक्कांच्या ताब्यात तुम्हीच, राजीखुशीने, दर महिन्याच्या सभेत मोजून दिले होते. कुलूप तुटलेले नाही, कोणाच्या कनवटीला कोणी हात घातलेला नाही. जे मोडले आहे ते वेगळेच आहे, आणि ‘चोरी’ लिहिले की नेमके तेच झाकले जाते. चोरावर कोणी विश्वास टाकलेला नसतो. तुम्ही अक्कांवर टाकला होता.

भारतीय दंड संहितेने १८६० पासून हा फरक कलमांतच करून ठेवला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो तसाच आहे. चोरी कलम ३०३ मध्ये आहे, मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार ३१४ मध्ये, आणि सोपवलेल्या मालमत्तेबाबतचा विश्वासघात, ज्याला कायद्याच्या मराठीत ‘फौजदारीपात्र न्यासभंग’ म्हणतात, तो ३१६ मध्ये. फसवणूक कलम ३१८ मध्ये आहे आणि ती आणखी वेगळी, कारण तिथे पैसे काढून घेतानाच खोटे बोललेले असते. अक्कांनी तुमच्याकडून पैसे घेतले तेव्हा त्या खोटे बोलत नव्हत्या. तेव्हा ‘फसवणूक’ही नको. ‘घोटाळा’ आणि ‘गैरव्यवहार’ हे वर्तमानपत्रांचे लाडके शब्द आहेत, पण नियमबाह्य कर्जवाटपापासून कोऱ्या पावत्यांपर्यंत सगळे त्यांत मावते, आणि ज्यात सगळे मावते त्यातून तुमच्या गटात काय झाले ते कोणालाच कळणार नाही. ‘अफरातफर’ हा शब्द मला स्वतःला आवडतो. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात ‘इफरात’ आणि ‘तफरीत’, म्हणजे अतिरेक आणि उणीव. हिंदीत त्याची ‘अफरातफरी’ झाली आणि ती गोंधळाच्या, पळापळीच्या अर्थाने राहिली. मराठीने मात्र तो हिशेबाच्या वहीला बांधून टाकला. तरीही तो तुम्ही लिहू नये असे मी म्हणेन, कारण त्यात आकड्यांची जाणूनबुजून केलेली उलटापालट गृहीत धरलेली असते आणि ती झाली की नाही, हे तुम्हाला अजून तपासायचे आहे.

राहिला ‘अपहार’. ‘अप’ म्हणजे दूर आणि ‘हृ’ म्हणजे नेणे. माणसाला पळवले तर अपहरण, सोपवलेला पैसा ठरल्या जागी न पोचवता दुसरीकडे नेला तर अपहार. अक्का म्हणतील, मी परत देणार आहे, मग अपहार कसला? याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे. काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच, असे कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे, आणि त्याचे उदाहरणही आहे : एकाला दुसऱ्याची सरकारी वचनचिठ्ठी, म्हणजे पैसे देण्याचे लेखी वचन, सापडते, ती कोणाची आहे हे त्याला ठाऊक असते, तरी पुढे परत करू असे मनाशी ठरवून तो ती पेढीवर तारण ठेवतो आणि कर्ज काढतो. परत करण्याचा इरादा असूनही तो गुन्हा आहे. आमच्या लेखापरीक्षणात यालाच ‘तात्पुरता अपहार’ म्हणतात. वसूल केलेली रक्कम वेळेवर बँकेत न भरता हाताशी ठेवली आणि नंतर भरली, तरी अहवालात हा शब्द येतो. अक्कांवर अन्याय न करता घटनेला तिचे नाव देणारा याहून नेमका शब्द मला ठाऊक नाही, कारण त्यातल्या ‘तात्पुरता’ने त्यांची परतफेडीची कबुली मान्य होते आणि ‘अपहार’ने तुमचे पैसे मान्य होतात.

पण ताई, तुमच्या पत्रातले सर्वांत जड वाक्य तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिले आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरणा केल्याच्या नोंदी आहेत आणि स्लिपा नाहीत. सप्टेंबरचे पैसे हाताशी राहिले आणि वहीत ‘हातावरील शिल्लक’ म्हणून दिसले, तर ती एक गोष्ट. पैसे भरलेले नसताना ‘भरले’ असे लिहिले, तर ती अगदी निराळी गोष्ट. पहिल्या गोष्टीत पैसा जागेवरून हलला आहे, दुसऱ्यात वहीही हलली आहे.

हा भेद जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात कोशक्षयाची, म्हणजे खजिना घटण्याची, आठ कारणे सांगितली आहेत आणि प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे. कोशातला पैसा परस्पर व्याजाने लावणे हा प्रयोग, राजद्रव्य स्वतः किंवा दुसऱ्याकडून उपभोगणे हा उपभोग, आणि शेवटचा अपहार. त्या अपहाराची व्याख्या अशी की मिळालेले उत्पन्न जमेस न दाखवणे, वहीत दाखवलेला खर्च प्रत्यक्षात न देणे, आणि हाती आलेली शिल्लक नाकारणे. दंड बारा पट. अक्का ‘वापरले’ म्हणतात तो त्या यादीतला उपभोग. स्लिपेविना भरण्याची नोंद झाली असेल, तर हाती आलेली शिल्लक वहीत नाकारली गेली, आणि ते थेट अपहाराच्या घरात जाते. तेव्हा त्या दोन नोंदी कोणाच्या अक्षरात आहेत, कोणत्या दिवशी लिहिल्या, पैसे भरायला कोणाकडे दिले होते का, हे सभेपूर्वी अक्कांना शांतपणे विचारा. कदाचित त्यांनी भाच्याच्या हाती पैसे पाठवले असतील आणि नोंद आधी करून ठेवली असेल. कदाचित नसेलही. उत्तर काहीही आले, तरी ते इतिवृत्तात आले पाहिजे.

विचारा असे मी आग्रहाने म्हणतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका विकास सोसायटीत मी रोकड मोजली. रोजकीर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, शिल्लक ९,७४० रुपये, पेटीत ७,९४०. अठराशे रुपये कमी. मी त्याच दुपारी ज्ञापनात ‘अपहार’ लिहिले आणि संचालकांसमोर ठेवले. गटसचिव, म्हणजे त्या सोसायटीचे सचिव, वयाने माझ्या वडिलांएवढे होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते कार्यालयात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी किर्दीची पाने मागे उलटताना मला दिसले की एका पानाची अखेर शिल्लक ७,९४० होती आणि पुढच्या पानावर नेताना ती ९,७४० लिहिली गेली होती. सात आणि नऊ यांनी जागा बदलल्या होत्या, एवढेच. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊने नेहमी भाग जातो, आणि अठराशेला जातो. हे मला शिकवलेले होते आणि मी करून पाहिले नव्हते. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण शब्द परत घेता येत नाही हे मला त्या ओसरीवर कळले.

म्हणून सभेच्या आधी बाराही जणींची बचत पासबुके एकत्र घ्या. प्रत्येकीच्या पासबुकातली रक्कम रोखपुस्तकाशी आणि रोखपुस्तक बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडून पाहा. महिना दोनशेप्रमाणे पाच महिन्यांची बचत १२,००० होते. उरलेले ३५,६०० हप्त्यांचे असले पाहिजेत, ते कर्जखात्यांवरून जुळतात का ते पाहा. एखादीने हप्ता दिलाच नसेल आणि तोही अक्कांच्या नावावर मोजला गेला असेल, तर तो आताच वजा झाला पाहिजे. बेरीज दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, शक्यतो त्या चौघींपैकी एकीकडून.

आकडा पक्का झाला की इतिवृत्तात साधारण असे लिहा : ‘सप्टेंबर ते जानेवारी या कालावधीत सभासदांकडून जमा झालेली बचत रु. १२,००० व कर्ज परतफेड रु. ३५,६००, एकूण रु. ४७,६०० ही रक्कम कोषाध्यक्षांकडे सोपवण्यात आली होती. ती गटाच्या बँक खात्यात भरलेली नाही. गटाच्या ठरावाशिवाय ती आपण आपल्या शेतीच्या खर्चासाठी वापरली व मार्चअखेर परत करणार आहोत, असे कोषाध्यक्षांनी सभेत सांगितले. रोखपुस्तकातील ऑक्टोबर व नोव्हेंबरच्या भरण्याच्या नोंदींना स्लिपा उपलब्ध नाहीत. त्याबाबत त्यांनी पुढीलप्रमाणे खुलासा केला. हा गटाच्या रकमेचा तात्पुरता अपहार असल्याचे सभेचे मत झाले.’ खुलासा त्यांच्याच शब्दांत, अवतरणात. ‘सोपवण्यात आली’ आणि ‘ठरावाशिवाय’ हे दोन शब्द कोणी गाळायला सांगितले तरी गाळू नका. सगळा अर्थ त्या दोघांवर उभा आहे. ‘सभेचे मत’ हेही मुद्दाम लिहायला सांगतो आहे. गुन्हा ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि खात्री नसताना चारचौघांत चोर म्हणणे हे बदनामीच्या कलमात बसू शकते. सभेत, कागदावर, पुराव्यासह, सद्भावनेने नोंदवलेले मत आणि पाणवठ्यावर बोललेले वाक्य यांत कायदाही फरक करतो.

अध्यक्षांचा तोडगा दयेपोटी आला आहे असे मी धरून चालतो, पण तो सर्वांत वाईट आहे. मागच्या तारखेचा ठराव म्हणजे जो ठराव कधी झाला नाही तो झाला असे बारा जणींनी सही करून सांगणे. आज दोष एकीचा आहे. त्या सहीनंतर तो बारा जणींचा होईल आणि खोटा कागद तयार करण्याचा दोष त्यात वाढेल. रोखपुस्तकाचे पान फाडणे, नोंदीवर पांढरा रंग लावणे, आकडा गिरवणे, यांतलेही काही करू नका. चुकीची नोंद तशीच दिसू द्यावी आणि आजच्या तारखेला खाली दुरुस्तीची नोंद लिहावी. अक्कांना मुदत द्यायची असेल तर आजच्या तारखेने, उघडपणे द्या, आणि तिला ‘कर्ज’ म्हणू नका. ‘वसुलीसाठी मुदत’ म्हणा. गटाच्या दराने व्याज लावायचे की नाही, हे सभेने ठरवावे. माझे मत विचाराल तर लावावे, कारण त्या महिन्यांत रांगेत उभी असलेली एखादी सभासद त्या पैशांवाचून राहिली असेल. कोषाध्यक्षपद मात्र आजच बदला, आणि इतिवृत्ताची प्रत एका साध्या पत्रासोबत ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे, द्या. पोलिस ठाण्याची पायरी मार्चअखेर पैसे आले नाहीत किंवा अक्कांनी सगळे नाकारले तरच. कलम ३१६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो अजामीनपात्र गुन्हा आहे. तिथे गेल्यावर शब्द तुमच्या हातात राहत नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहितो. पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात, म्हणून बँकेतला पैसा सुरक्षित राहिला. गेला तो सभेतून बँकेत जाण्याच्या वाटेवरचा. त्या वाटेवर लक्ष ठेवणे, म्हणजे दर सभेत आधीच्या महिन्याची स्लिप आणि बँक पासबुक मागणे, हे सचिवाचेही काम होते आणि पाच महिने ते झाले नाही. जाऊबाईंकडे स्लिप कशी मागायची, असे तुम्हाला वाटले असणार. त्याच ठरावात एक वाक्य तुमच्याबद्दलही लिहा. त्या चौघींचा राग त्याने थोडा निवळेल, आणि अक्कांना एकट्या पडल्यासारखे वाटणार नाही.

सभेच्या आदल्या संध्याकाळी अक्कांकडे जा. पुरुषमंडळी शेतावर असतील अशी वेळ बघा. मसुदा त्यांना पूर्ण वाचून दाखवा, ‘अपहार’ या शब्दासकट, आणि ‘तात्पुरता’ का लिहिले आहे तेही सांगा. त्या रडतील, कदाचित उठून आत जातील. तुम्ही बसून राहा. ‘मीच लिहिणार आहे, दुसरी कोणी लिहिण्यापेक्षा बरे,’ एवढे म्हटले तरी पुरे. मार्चमध्ये त्यांनी रक्कम भरली, की त्या दिवशीच्या इतिवृत्तात या ठरावाचा क्रमांक आणि भरणा स्लिपचा क्रमांक लिहा, आणि त्या नोंदीखाली पहिली सही अक्कांची घ्या.